जुन्या मापाचा शर्ट

काटेदादांना बाजारात कुणी नावानं हाक मारत नसे. त्यांना नाव होतं, चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर यायचं. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे वजनकाटे तेच दुरुस्त करायचे, म्हणून ते काटेदादा. घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबुडकी खोली. एका भिंतीला पोट उघडून ठेवलेले काटे, दुसरीला स्प्रिंगा, स्क्रू आणि पारडी यांनी भरलेली फळ्यांची रांग, आणि दाराशीच जमिनीत बसवलेला, पोती तोलायचा मोठा काटा. काचेच्या कपाटात मखमलीवर प्रमाण वजनं ठेवलेली असत. बाकी सगळे काटे त्या वजनांवर तपासायचे, त्यामुळे त्यांना उघडा हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. हाताचा घाम लागला तरी वजन बिघडतं, असं काटेदादा म्हणत, आणि मऊ चामड्याच्या फडक्यात धरून ते वजन असं उचलत की बघणाराही श्वास रोखून धरी.

माणूस सरळ होता, पण हट्टी. एकदा एक गोष्ट डोक्यात बसली की ती काढायला पाना-पकड लागायची. त्यातली सगळ्यात पक्की बसलेली गोष्ट म्हणजे माणसं खोटं बोलतात, काटा बोलत नाही. कुणी म्हणालं, "आज हवा गार आहे," तरी हे विचारणार, "कशावर मोजलीस?"

या माणसाच्या पोटात एका जुनाट आजारानं बरीच वर्षं मुक्काम ठोकला होता. आतड्याला सूज यायची, ओसरायची, पुन्हा यायची. आली की पोटात कळा, दिवसभर संडासाच्या फेऱ्या, आणि जेवणाच्या ताटाची भीती. घास पोटात गेला की अर्ध्या तासानं त्याचा जाब द्यावा लागे. मग काटेदादांनी आपल्यापुरता एक तोडगा काढला: खायचंच कमी. एक पोळी होती ती अर्धी झाली, अर्धी होती ती पाव झाली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी चेहरा गोल आणि गुबगुबीत दिसायचा, त्यामुळे भेटणारा प्रत्येक जण म्हणायचा, "तब्येत सुधारली हं काटेदादा!" आणि काटेदादा मान डोलवायचे.

दर रविवारी दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक ते स्वतःच असत. बूट काढून ते त्या मोठ्या काट्यावर उभे राहायचे आणि मान वाकवून आकडा बघायचे. गेल्या वर्षी होता तोच आकडा, त्याच्या आदल्या वर्षीही तोच. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं की एकदा आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना भेटून घ्या. दोन्ही वेळा काटेदादांनी छाती काढून उत्तर दिलं होतं, "वजन जिथल्या तिथं आहे, डॉक्टर. आणि हे मी माझ्या काट्यावर केलंय, तुमच्या त्या दाराआडच्या डुगडुगत्या काट्यावर नाही." बाहेर रोग्यांची रांग होती. डॉक्टरांनी हात टेकले.

एवढा पक्का पुरावा हाताशी असल्यावर बाकीच्या बारीकसारीक गोष्टींना कोण विचारतो? जिना चढताना मधल्या वळणावर थांबून बुटाची नाडी बांधावी लागे, नाडी घट्ट बांधलेली असली तरी. बरणीचं झाकण उघडेनासं झालं, तर झाकणं हल्ली वाईट निघतात. मोठे काटे तपासायची लोखंडी वजनं हातातून निसटू लागली, तर समोरच्या गोदामातल्या हमालाला हाक मारायची आणि त्याला चहा पाजायचा. वय होतंच की, पन्नाशी उलटली होती. काटेदादांनी सगळ्याचा दोष वयाला दिला, आणि वय बिचारं उलटून काही बोलत नाही.

घरात ते, त्यांची बायको आणि बायकोची आई. बायको एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. सासूबाई नवरा गेल्यावर शिलाईचं मशीन घेऊन "चार दिवस" राहायला आल्या होत्या, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. खिडकीशी मशीन मांडून त्या अख्ख्या इमारतीचे कपडे शिवायच्या आणि लेक कामावर गेली की स्वयंपाकही त्याच करायच्या. त्यांचा एक अभिमान होता. एकदा ज्याचं माप घेतलं, त्याच्या अंगाला पुन्हा टेप लावायची नाही. सगळ्यांची मापं डोक्यात. घरच्या माणसाचं माप परत घेणं म्हणजे त्यांना स्वतःचाच अपमान वाटे.

आता बघा, एक वजनाचा पक्का आणि एक मापाची पक्की. एका म्यानात दोन तलवारी. वरून सगळं गोड, "आई, बसा" आणि "जावईबापू, चहा घ्या", पण दोघंही एकमेकांच्या चुकीवर टपलेली. सासूबाईंनी डाळ अंदाजानं घेतली की जावई म्हणायचे, "अंदाज म्हणजे अज्ञानाचं टोपणनाव." जावयाचा सदरा वर-खाली खोचलेला दिसला की सासूबाई म्हणायच्या, "काटा सरळ करणाऱ्यानं आधी स्वतःकडे बघावं." बायको या दोघांच्या मध्ये बसून निमूटपणे पेपर वाचायची.

त्या वर्षी काटेदादांच्या शर्टांच्या कॉलरी विरल्या होत्या. सासूबाईंनी राखाडी रंगाचं कापड आणलं आणि नेहमीप्रमाणे डोक्यातल्या मापावर शर्ट बेतला. काजं-बटणं झाली, इस्त्री झाली, आणि सकाळी चहाच्या वेळी त्यांनी तो जावयाच्या हातात दिला.

काटेदादा आत जाऊन शर्ट घालून आले. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. बाह्या बावट्यासारख्या हलत होत्या. आणि पोटावरची बटणं मात्र ताणलेली.

"आई," काटेदादा आरशात बघत म्हणाले, "हा शर्ट माझा की दोन शेजाऱ्यांनी अर्धा-अर्धा वाटून घेतलेला?"

जवळ येऊन सासूबाईंनी खांद्याची शिवण चिमटीत धरली आणि सोडली.

"राहू द्या हो," काटेदादांना आता चेव चढला होता. इतक्या वर्षांत सापडलेली पहिलीच चूक, ती काय अशी सोडायची? "वय झालं तुमचं. यापुढे कापड वाया घालवण्यापेक्षा बाजारातून तयारच आणू."

सासूबाईंनी शर्ट काढून घेतला, खिडकीशी बसल्या आणि शिवण उसवायला लागल्या. सबंध आयुष्य ज्या गोष्टीवर उभं केलं, ती गोष्ट हातातून गेली असं त्यांना वाटलं होतं. बायकोनं पेपर खाली ठेवला. "तुम्ही ना," ती नवऱ्याला दबक्या आवाजात म्हणाली, "तोंडाला एखादं कुलूप लावून घ्या. दुकानाला लावता तेच चालेल." काटेदादा गुपचूप दुकानात गेले. दिवसभर त्यांना आपलंच बोलणं टोचत राहिलं, पण माफी मागायची कशी, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "जावईबापू, जरा इकडं या. सदरा काढा आणि हात बाजूला धरा."

सासूबाईंच्या गळ्यात टेप होती. घरच्या माणसाचं माप पुन्हा घ्यायला ती त्यांनी पहिल्यांदाच गळ्यात घातली होती. त्यांनी दंडाला टेप लावली, आकडा बघितला, टेप सोडून पुन्हा लावली. दुसरा दंड मोजला. मग खाली बसल्या, पँट जरा वर सरकवून पोटरी मोजली. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्याच्या वर खोल रुतला होता, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. उठताना त्यांचा चेहरा कालच्यासारखा पडलेला नव्हता. घाबरलेला होता.

"माझं माप चुकलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "इथलं मांस कुठं गेलं?"

"कुठंही गेलेलं नाही. वजन जसंच्या तसं आहे. चला दुकानात, दाखवतो."

"असेल जसंच्या तसं. पोत्यात धान्य किती आणि पाणी किती, ते तुमचा काटा सांगतो का?"

बाजारात पोत्यावर पाणी मारून वजन वाढवणारे व्यापारी काटेदादांनी डोळ्यांनी पाहिले होते. अशा वेळी काट्याचा दोष नसतो. त्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो. आपण दर रविवारी त्याला नेमकं काय विचारत होतो, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला.

"मोठी वजनं कोण उचलतं हल्ली?" सासूबाईंनी विचारलं.

"हमाल."

"कधीपासून?"

काटेदादांनी सदरा अंगात घातला. बायको दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं त्याच दिवशी शाळेतून रजा टाकली आणि तिघंही हॉस्पिटलला गेली.

आहारतज्ज्ञ बाई वयानं लहान होत्या, पण नजर धारदार. त्यांनी काटेदादांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगितलं. काटेदादा उठले, पण दुसऱ्या वेळी मध्येच खाली बसले, आणि तिसऱ्या वेळी त्यांचा हात आपोआप टेबलावर गेला. मग बाईंनी त्यांच्या हातात एक यंत्र दिलं. मूठ आवळली की किती जोर लागला ते त्यावरचा काटा दाखवायचा.

काटा म्हटल्यावर काटेदादांना जरा धीर आला. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, कानाशी नेऊन हलवलं. मग आवळलं. काटा जेमतेम हलला. पुन्हा दात-ओठ खाऊन आवळलं. तेवढाच.

"याचा शून्य सरकलाय, बाई," काटेदादा म्हणाले. "दोन दिवस माझ्याकडे द्या, नीट करून देतो."

"असेल, काका," बाई हसून म्हणाल्या. "आजी, तुम्ही बघता का जरा?"

सासूबाईंनी पदर खोचला आणि यंत्र उजव्या हातात घेतलं. कात्री चालवून चालवून घट्ट झालेला हात तो. काटा सरसर वर गेला आणि काटेदादांच्या खुणेच्या पुढं जाऊन थांबला. सासूबाई सत्तरीच्या होत्या. आजवर जावयावर मात केली की त्यांच्या चेहऱ्यावर एक बारीक हसू यायचं. ते आज आलं नाही. त्यांनी यंत्र हळूच टेबलावर ठेवलं आणि जावयाकडे बघायचं टाळलं.

डॉक्टरांनी सगळं उलगडून सांगितलं. इतक्या वर्षांच्या सुजेनं आतड्याचा एक तुकडा आकसला होता. अन्नाची वाट तिथं अरुंद झाली होती म्हणून कळा यायच्या. तो तुकडा ऑपरेशन करून काढावा लागणार होता. पण अंगात प्रथिनं उरली नव्हती. शरीरानं पोट भरायला स्वतःचेच स्नायू खाल्ले होते, आणि जे गेलं त्या जागी पायांत पाणी उतरलं होतं, गोळ्यांनी चरबी चढली होती. म्हणून वजन हललं नव्हतं.

"मग करून टाका ऑपरेशन," काटेदादा म्हणाले.

"आज मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आतडं कापून पुन्हा जोडायचं असतं. तो जोड भरून यायला अंगात काहीतरी लागतं. तुमच्या अंगात आज ते नाही. दोन-अडीच महिने देतो. खा, ताकद कमवा, मग या. मध्येच वाट पूर्ण बंद झाली, तर मात्र आहे त्या अवस्थेत कापावं लागेल. तसली जोखीम मला घ्यायची नाहीये."

काटेदादांना ते समजायला वेळ लागला. सासूबाईंना लागला नाही. "जीर्ण कापडाला टाका धरत नाही," त्या एवढंच म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी मान हलवली.

पण खरा घाव बसायचा होता तो पुढं. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, रोज खाता काय? सांगायला सासूबाईच पुढं झाल्या. सकाळी पातळ सूप, दुपारी चमचाभर मऊ भात, रात्री पुन्हा सूप. पोट बिघडलं की दोन दिवस काहीच नाही, लंघन. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण समोरची मुलगी काही लिहीत नव्हती, नुसती ऐकत होती.

परतताना बसमध्ये सासूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. दोन थांबे गेल्यावर म्हणाल्या, "मीच तुम्हाला उपाशी ठेवलं. तुम्ही ताटावरून लवकर उठलात की मला बरं वाटायचं. मी म्हणायचे, जिभेवर ताबा आहे माणसाचा."

काटेदादांच्या जिभेवर नेहमीसारखं काहीतरी तिखट यायला हवं होतं. आलं नाही. "आई," ते म्हणाले, "मला दुखू नये म्हणून तुम्ही पातळ करायचात, आणि मीही पातळच मागायचो. आता दोघांनी मिळून घट्ट करू." सासूबाईंनी डोळे पुसले आणि बसमधून उतरल्याबरोबर अंडी घेतली.

त्यानंतर घरात जे सुरू झालं, त्याला बायको "कारखाना" म्हणायची. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. अंडी, मासे, शिजवून गाळलेली डाळ, दही. साली आणि बिया वर्ज्य, कारण वाट अरुंद. वर हॉस्पिटलनं दिलेली पावडर दुधात कालवून प्यायची. तिची चव भिंतीला लावायच्या चुन्यासारखी होती, म्हणजे काटेदादांनी चुना चाखला होता असं नाही. डॉक्टरांनी औषधं बदलली होती, कळा थोड्या कमी झाल्या होत्या, पण भीती होतीच. घास उचलला की हात थांबायचा. सासूबाई समोर बसून राहायच्या, उठायच्या नाहीत. घास तोंडात गेला की मगच त्यांचं मशीन पुन्हा सुरू व्हायचं. एकदा ऐन जेवणात कळ आली आणि काटेदादांनी ताट ढकललं. सासूबाईंनी ताट उचलून झाकून ठेवलं आणि तासाभरानं तेच पुन्हा गरम करून समोर मांडलं. "हे ताट काय तुमच्याशी भांडणार," त्या म्हणाल्या, "भांडण मला येतं."

नुसतं खाऊन भागणार नव्हतं, स्नायूंना कामालाही लावायचं होतं. किती आणि कसं, ते बाईंनी दाखवून दिलं होतं. ती बाजू हमालानं उचलली. हमाल म्हणजे दरवाजा भरून टाकणारा माणूस, बोलणं मात्र मांजरीसारखं मऊ. "दादा, इतके दिवस तुमचा फुकटचा चहा प्यायलोय," तो म्हणाला, "आता तो पचवू द्या." प्रमाण वजनांना तर व्यायामासाठी हात लावायचा प्रश्नच नव्हता. पण दुकानाच्या कोपऱ्यात बाद झालेली लोखंडी वजनं पडलेली होती, गंजलेली, टवके उडालेली, तोलायला निकामी.

"ही घ्या," हमाल म्हणाला. "बादच आहेत."

"मीही बादच आहे," काटेदादा म्हणाले. "जमेल आमचं."

रोज दुपारी बाजार थंडावला की हमाल यायचा. आधी खुर्चीतून उठबस. मग छोटं वजन, खांद्यापर्यंत. "कंबरेनं नाही, दादा, मांड्यांनी उचला. कंबर ही बसायला दिलीय देवानं." पहिल्या दिवशी काटेदादा घामाघूम होऊन पोत्यावर कोसळले. पुढच्या आठवड्यात खुर्चीच्या हाताला न धरता उठले. उठल्यावर त्यांनी हमालाकडे अशा नजरेनं बघितलं की हमालानंच टाळी वाजवली.

आणि मग सगळं फिसकटता फिसकटता राहिलं. सवयीचा गुलाम माणूस. एका रविवारी काटेदादा बूट काढून मोठ्या काट्यावर उभे राहिले. आकडा घसरला होता. थोडाथोडका नाही, चांगलाच. त्यांनी काटा तपासला, तो बरोबर होता. पुन्हा उभे राहिले, आकडा तोच. सहा-सहा वेळा खाऊन, ती चुन्यासारखी पावडर ढोसून वजन कमी? दुकान तसंच उघडं टाकून ते घरी आले आणि खाटेवर पडले. "बस्स झालं," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "पाणी घालून झाड वाळायला लागलं तर माळ्यानं काय करायचं? मला आता त्रास देऊ नका."

बायकोनं हॉस्पिटलला फोन लावला आणि तो नवऱ्याच्या कानाशी धरला. "अहो काका," आहारतज्ज्ञ बाई पलीकडून म्हणाल्या, "हे तर व्हायलाच हवं होतं! पायांतलं पाणी उतरतंय. मोजे काढून बघा बरं." काटेदादांनी मोजे काढले. वळ होता, पण वरवरचा. सासूबाईंनी टेप आणली, दंडाला लावली, आणि टेपवरची खूण त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. दंड भरत होता. काटा खाली येत होता आणि माणूस वर.

सासूबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या हातात पिशवी घेऊन अख्ख्या बाजारात फिरल्या, आणि भाजीवाला, धान्यवाला, भंगारवाला, अगदी सोनार, सगळ्यांना बजावून आल्या, "आमच्या जावयाला काट्यावर उभं राहू द्यायचं नाही. काय तोलायचं ते तोला, त्यांना नको." बाजारानं हा हुकूम असा उचलला की विचारता सोय नाही. काटेदादा धान्यवाल्याकडे काटा दुरुस्त करायला गेले की धान्यवाला आधी काट्यावर पोतं ठेवायचा. भंगारवाला तर त्यांना बघताच स्वतःच काट्यावर चढून बसायचा. स्वतःच्या दुकानातल्या काट्यावर हमालानं खडूनं मोठी फुली मारली आणि म्हणाला, "आजींची शपथ घेतलीय, दादा." गावातले सगळे काटे ज्यानं सरळ केले, त्यालाच गावातला एकही काटा जवळ करेना. काटेदादा चिडायचे, कुरकुरायचे. पण एके संध्याकाळी दुकान बंद करून घरी जाताना त्यांना एकदम भरून आलं. आपण इतकी वर्षं या लोकांना त्यांच्या काट्यांवरून ओळखत होतो, आणि यांनी आपल्याला इतकं धरून ठेवलं होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कुणाचे आभार मानायचे आणि किती, याचा हिशेब त्यांना लागेना, आणि तो लागत नाही याचंच बरं वाटलं.

ठरलेल्या दिवशी तिघं पुन्हा आहारतज्ज्ञ बाईंच्या खोलीत गेली. काटेदादा खुर्चीतून उठले, बसले, उठले, बसले, आणि बाईंनीच "पुरे" म्हटलं. मुठीच्या यंत्राला या वेळी त्यांनी कानाशी नेलं नाही. डोळे मिटून आवळलं. बाईंनी काटा बघितला आणि यंत्र शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरांपुढे केलं. "घेऊया," डॉक्टर म्हणाले. बायकोनं नवऱ्याचा हात धरला आणि इतका दाबला की त्यांना "अगं" म्हणावं लागलं.

ऑपरेशन झालं. पहिले काही दिवस नळ्या आणि बाटल्यांचे गेले. जोड धरेल का, या एकाच प्रश्नावर सगळं अडलेलं होतं, आणि त्याचं उत्तर द्यायला ना कुठला काटा होता ना टेप. बायको बाकावर बसून पेपर उघडायची आणि पान न उलटता मिटायची. सासूबाई दिवसभर हातांवर हात ठेवून बसायच्या. त्यांना असं रिकामं बसलेलं कुणी कधी बघितलं नव्हतं. मग एके सकाळी डॉक्टर आले, पोट तपासलं, म्हणाले, "जोड छान धरलाय. हे तुम्ही कमावलंत."

"मी कशाचं कमावलं," काटेदादा उशीवरून क्षीण आवाजात म्हणाले. "मी तर काट्यावर उभा होतो. मला खाली उतरवलं ते यांनी." आणि त्यांनी सासूबाईंकडे बोट केलं. सासूबाईंनी उगाच चादरीची घडी सरळ केली.

घरी आल्यावर हळूहळू पातळाचं घट्ट झालं, घट्टाचं जेवण झालं. एका दुपारी तिघं टेबलाशी बसली होती. भात होता, मासा होता, दही होतं. सासूबाई नेहमीसारख्या घासाघासाकडे लक्ष ठेवून होत्या. काटेदादा जेवत होते. जेवता जेवता बाजारातल्या कुणाची तरी नक्कल करत होते, हसत होते. मध्येच त्यांच्या लक्षात आलं की पोटात काहीतरी होतंय. ते थांबले. दोघी मायलेकींचे हात जागच्या जागी थांबले. काटेदादा जरा वेळ आत कान लावल्यासारखे बसून राहिले. कळ नव्हती. काय होतं ते ओळखायला त्यांना वेळ लागला, कारण ते येऊन बरीच वर्षं झाली होती.

"आई," ते म्हणाले, "भात अजून आहे का? भूक आहे मला."

सासूबाई उठल्या, पातेल्याचं झाकण काढलं. पातेलं रिकामं होतं. या घरात कुणी दुसऱ्यांदा मागेल, असा अंदाजच त्यांनी कधी धरला नव्हता. त्या पातेल्यात बघत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. बायको "माझ्यातला घ्या" म्हणत ताट पुढं करू लागली, तर त्यांनी मागं न वळताच हातानं तिला थांबवलं.

"नको, तू जेव. जावईबापू, उठू नका हं," त्या म्हणाल्या. त्यांनी डब्यातून तांदूळ घेतले, मूठभर आणखी घेतले, मग आणखी मूठभर. "आत्ता टाकते. वीसेक मिनिटं लागतील."

"सावकाश होऊ द्या, आई," काटेदादा म्हणाले. "मी आहे इथंच."